क्लच गेला म्हणजे कॉम्प्रेसर गेला नाही

भाच्या, दौंडात स्वतःचं गॅरेज टाकलंस, फार बरं वाटलं. आता मार्च लागला की पाटस, कुरकुंभ, केडगावकडून गाड्या येतील त्या एसीच्याच. "गार हवाच येत नाही" म्हणत गिऱ्हाईक येईल आणि निम्म्या जणांना आधीच कुणीतरी सांगितलेलं असेल, कॉम्प्रेसर गेला, अख्खा बदला. शिरूरला नगर रस्त्यावर मी जन्मभर हेच काम करत आलो, म्हणून पहिला कानमंत्र हाच देतो: क्लच गेला म्हणजे कॉम्प्रेसर गेला नाही. क्लच वेगळा मिळतो, वेगळा बदलता येतो आणि बहुतेक गाड्यांत गॅसला हातही न लावता बदलता येतो.

क्लच म्हणजे तीन वस्तू. बेल्टवर सतत फिरणारी पुली, तिच्या पोटात न फिरणारी कॉइल आणि पुढे शाफ्टवर बसलेली प्लेट. बटण दाबलं की कॉइलचं चुंबक होतं, प्लेट टक्कन पुलीला चिकटते आणि शाफ्ट फिरायला लागतो. पॅकार्ड कंपनीनं १९४० च्या मॉडेलला एसी द्यायला सुरुवात केली तेव्हा त्यात क्लच नव्हताच. गारवा नको असेल तर इंजिन बंद करून, बॉनेट उघडून बेल्ट हातानं उतरवावा लागे. या चकतीची किंमत त्यावरून ओळख.

पाना हातात घेण्याआधी बघून घे. इंजिन चालू, एसी चालू आणि पुली फिरतेय पण पुढची प्लेट उभीच आहे, तर लगेच क्लचवर बोट ठेवू नकोस. आधी फ्यूज, मग रिले, मग गॅस. गॅस कमी असला तर प्रेशर स्विच कॉइलचा करंट तोडतो. तिथे क्लच बिचारा शाबूत असतो. कॉइलच्या कनेक्टरवर टेस्ट लॅम्प लाव. करंट येत नसेल तर दोष मागे कुठेतरी आहे. करंट येतोय आणि प्लेट ओढली जात नाही, मग कॉइल मीटरवर मोज. १२ व्होल्टची चांगली कॉइल साधारण ३ ते ५ ओहम दाखवते. काहीच दाखवत नसेल तर तुटली, शून्याजवळ असेल तर आतून शॉर्ट झाली. तीच वारंवार फ्यूज उडवते. थेट बॅटरी लावून बघायची असेल तर प्लस-मायनस उलट लावू नकोस. बऱ्याच कॉइलच्या वायरीत डायोड असतो, तो क्षणात जळतो.

एक तक्रार तुझ्याकडे नक्की येणार. "दौंडहून निघालो तेव्हा झकास गार होतं, यवतच्या पुढे गरम हवा. उरुळीला चहा घेतला, परत गार." हे ऐकलं की गॅसची मशीन बाजूला ठेव आणि फिलर गेज काढ. प्लेट झिजून तिच्यात आणि पुलीत फट वाढलेली असते. कॉइल तापली की तिचा ओहम वाढतो, करंट घटतो, चुंबक नरम पडतं आणि वाढलेली फट ओलांडून प्लेट खेचायला ते पुरत नाही. गाडी निवली की पुन्हा खेचतं. अशा वेळी नवा क्लचही लागत नाही कधीकधी. आतला एक शिम काढला की काम होतं. लोकांना नवा क्लच विकणं सोपं, पण शिम काढून दिलेलं गिऱ्हाईक दहा गिऱ्हाइकं घेऊन येतं.

आवाजाचंही तसंच. एसी बंद असताना घरघर येत असेल तर पुलीचं बेअरिंग, कारण पुली एसी बंद असतानाही फिरत असते. एसी लावल्यावरच खडखड येत असेल तर कॉम्प्रेसरच्या आत बघावं लागेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. इंजिन बंद करून पुढची प्लेट हातानं फिरवून बघ. थोडा दाब लागून ती मऊ, एकसारखी फिरली पाहिजे. अडकली, खरखरली किंवा जाम असली तर नवा क्लच बसवू नकोस, तो आठवड्यात जळेल. प्लेटच्या आसपास तेलकट काळा थर दिसला तर शाफ्टचं सील गळतंय; तेल प्लेटवर येऊन ती घसरत असते. प्लेट निळी-काळी पडली असेल तर ती का घसरली ते शोध. आपल्या भागात त्याचं उत्तर पुष्कळदा रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमध्येच सापडतं. कारखान्यांचा हंगाम चालू झाला की रस्ताभर उसाच्या गाड्या, शेतात पेटवलेलं पाचट, केडगाव पट्ट्यातली गुऱ्हाळं. ती काजळी, चिपाडाचा भुसा आणि वर काळ्या मातीची धूळ कंडेन्सरच्या पापुद्र्यात थापून बसते. हवा जात नाही, गॅसचा दाब चढतो आणि सगळा ताण क्लचवर येतो. इंजिनच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला हलक्या पाण्यानं धू. जोराचं पाणी मारलं तर पापुद्रे दुमडतात. फॅन फिरतोय का तेही बघ. हे न करता क्लच बदललास तर पुढच्या उन्हाळ्यात तीच गाडी परत दारात उभी.

काम सुरू करताना बॅटरीचं मायनस काढ. बेल्ट कसा गेलाय त्याचा फोटो घे. जागा पुरत नसेल तर कॉम्प्रेसरचे माउंटिंगचे बोल्ट काढून तो पुढे घे, पण पाइप सोडू नकोस. तारेनं वर बांधून ठेव, पाइपांवर वजन यायला नको. गाड्यांत सर्रास असलेला आर-१३४ए हा गॅस वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त जालीम आहे. पाना लावून तो हवेत सोडणारे मेकॅनिक आहेत. तू त्यातला होऊ नकोस.

मधला बोल्ट काढताना प्लेट धरायला होल्डर वापर. फटीत स्क्रूड्रायव्हर घालून धरलं की प्लेट वाकते. प्लेट निघाली की तिच्या आत चिकटलेले पातळ शिम जपून वाटीत काढ, हरवले तर फट जमवताना रडशील. मग सर्किलप. डोळ्यावर चष्मा हवाच, सर्किलप उडतो तेव्हा तो डोळाच शोधतो. पुली पुलरनंच काढ. हातोडीनं ठोकलीस तर कॉम्प्रेसरचं ॲल्युमिनियमचं नाक तडकतं आणि मग खरोखरच अख्खा कॉम्प्रेसर बदलावा लागतो. कॉइल काढण्याआधी वायर कुठल्या बाजूला आहे ते बघून ठेव.

नवा माल जुन्याशेजारी ठेवून ताडून बघ: पुलीच्या खाचा, व्यास, कनेक्टर, व्होल्ट. हे शेवटचं विसरू नकोस. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मालवाहू ट्रकांना चालकाच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झालाय, आणि सोलापूर रस्त्यावर तुझ्याकडे ट्रक येणारच. त्यांच्यात २४ व्होल्टची कॉइल असते, तिचा ओहम १२ व्होल्टवालीच्या चौपट भरतो. कारची कॉइल तिथे लावलीस तर ती जळेल.

बसवताना कॉइलच्या मागची पिन कॉम्प्रेसरच्या भोकात बरोबर बसली पाहिजे. नाहीतर कॉइल तिरकी राहते आणि पुली तिला घासते. सर्किलपची उतरती कड बाहेरच्या बाजूला ठेव. पुली बसवून बोटानं फिरव, कुठेही घासता कामा नये. प्लेट आणि पुलीचे तोंडाचे भाग कोरड्या स्वच्छ फडक्यानं पूस. ग्रीसचा ठिपकाही नको. मग प्लेट, शिम आणि बोल्ट. इथे हवेची गन लावायची नाही. बोल्ट लहान असतो, बहुतेक ठिकाणी १५ न्यूटन-मीटरच्या आसपासच आवळायचा असतो. रांजणगावच्या एमआयडीसीत मोटारी बनतात तिथे प्रत्येक नटाचा टॉर्क ठरलेला असतो. तुझ्या गॅरेजातही तसाच असू दे.

आता फट. साधारण ०.३५ ते ०.६५ मिलिमीटर, पण त्या गाडीच्या पुस्तकातला आकडाच खरा धर. फिलर गेज एकाच जागी घालून भागत नाही, तीन जागी बघ. फट जास्त असेल तर शिम काढ, कमी असेल तर घाल. कमी फट ठेवली तर एसी बंद असतानाही प्लेट घासते आणि जळका वास येतो. सगळं झाल्यावर इंजिन दीड हजारच्या वर धरून एसी वीस वेळा चालू-बंद कर, मध्ये दहा-दहा सेकंद थांब. दोन्ही तोंडं एकमेकांवर बसतात. मग फट पुन्हा मोज. ही पायरी सगळे टाळतात, म्हणून सगळ्यांच्या गाड्या परत येतात.

नव्या कित्येक गाड्यांत क्लच नसतोच, पुलीच कायम शाफ्ट फिरवते आणि आतला व्हॉल्व्ह गारवा कमी-जास्त करतो. तिथे कॉइल शोधत बसू नकोस. इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी वायर दिसली तर शिकल्याशिवाय हात लावायचाच नाही, तिथला करंट जीव घेतो.

काम झालं की जुनी प्लेट, जुनी कॉइल गिऱ्हाइकाच्या हातात दे, काय झिजलं ते दाखव आणि बिलावर लिही: फक्त क्लच बदलला, गॅस उघडला नाही.