कुत्र्याचा गोचीडताप आणि आपली अंगदुखीची गोळी

गोचीड ही केवळ गुरांची पीडा, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात दारातल्या कुत्र्यालाही गोचिडांमुळे गंभीर आजार होतात. चुडावा येथील माझ्या दवाखान्यात स्वतःला दाखवून झाले की काहीजण हळूच विचारतात, "डॉक्टरसाहेब, कुत्रं लंगडतंय, खात नाही. आमचीच अंगदुखीची गोळी अर्धी करून देऊ का?" मी माणसांचा डॉक्टर, तरी याचे उत्तर ठामपणे देता येते : देऊ नका.

आजार कोणता? अमेरिकेतील एका गावाच्या नावाने ओळखला जाणारा 'लाइम' आजार गोचिडांतून पसरतो. त्यात कुत्र्याचे सांधे दुखतात, ते लंगडते. पण तो पसरवणारे गोचीड मुख्यतः थंड, दमट रानांतले. आपल्याकडे कुत्र्यावर आढळतो तो तपकिरी गोचीड. त्याच्यापासून एर्लिकिया व बॅबेसिया या जंतूंचा ताप येतो. ताप, अन्न सोडणे, हिरड्या पांढुरक्या पडणे, लंगडणे, कधी नाकातून रक्त येणे ही लक्षणे होत.

गोळी का नको? एर्लिकियाच्या तापात रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट पेशी कमी होतात. डेंग्यूच्या रुग्णाला आम्ही ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन देत नाही, तोच न्याय येथे लागू. या गोळ्यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, रक्तस्राव होतो, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. मात्रेचाही हिशेब पाहा. मेलॉक्सिकॅम हे औषध पशुवैद्यक कुत्र्याला देतात. पण १० किलोच्या कुत्र्याला रोज साधारण १ मिलिग्रॅम. माणसांची गोळी १५ मिलिग्रॅमची! अर्धी केली तरी सातपटीहून अधिक होते. डायक्लोफेनॅकचा जनावरांसाठी वापर तर २००६ साली देशात बंद झाला. ते दिलेल्या गुरांची मढी खाऊन गिधाडे मेली होती. पॅरासिटामॉलही मनाने देऊ नये. मांजराला तर ते प्राणघातक ठरते. बामही चोळू नका, कुत्रे ते चाटते.

मग दुखणे थांबायचे कसे? मूळ ताप हटला की बहुधा दुखणेही ओसरते. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन हे औषध सुमारे ४ आठवडे द्यावे लागते. चार दिवसांत कुत्रे उड्या मारू लागले तरी ते मध्येच सोडू नये. बॅबेसियाचे औषध निराळे, म्हणून रक्त तपासून घेणे चांगले. जवळच्या गुरांच्या दवाखान्यात दाखवा. परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. तोवर सावली, मऊ पोते, भरपूर पाणी आणि विश्रांती द्या. हिरड्या पांढऱ्याफटक दिसल्या वा रक्त येऊ लागले तर त्याच दिवशी न्या.

गोचीड काढताना चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावा. रॉकेल ओतू नये, नखाने चिरडू नये. गोचिडांतून माणसांनाही आजार होतात. सिंधुदुर्गात २०१६ साली माकडतापाची साथ आली, ती गोचिडांमुळेच. काढलेला गोचीड स्पिरिटमध्ये टाकावा व हात साबणाने धुवावेत. मादी भिंतीच्या भेगांत हजारांनी अंडी घालते. तेव्हा कुत्र्याला औषध लावताना भेगाही लिंपा, त्याचे पोते बदला.

मुके जनावर दुखणे सांगू शकत नाही, तसेच गोळी सोसली नाही हेही सांगू शकत नाही. म्हणून घरातला गोळ्यांचा डबा त्याच्यासाठी उघडू नका.