निळा ड्रम कुठून आला? : घातक औद्योगिक कचरा आणि सरकारी धोरण



'घातक औद्योगिक कचरा' म्हटलं की मुलं कारखान्याच्या धुराड्याचं चित्र काढतात. पवनारच्या मुलांना तर हा विषय फार लांबचा वाटतो. पण नागपूर रस्त्यानं पुढं गेलं की बुटीबोरीची एमआयडीसी लागते. विदर्भातल्या कारखान्यांच्या घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणारं सामाईक केंद्र तिथंच आहे. राज्यात अशी केंद्रं तळोजा, महापे आणि रांजणगाव इथंही आहेत.

घातक कचरा म्हणजे काय?
विषारी, पेट घेणारा, स्फोटक किंवा धातू-कातडी खाणारा कचरा. उदा. रसायनांचा गाळ, जळकं ऑइल, वापरलेलं आम्ल. रसायनं भरलेले ड्रम रिकामे झाले तरी ते याच यादीत येतात. हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

धोरण कसं घडलं?
१९८४ मध्ये भोपाळची वायुदुर्घटना झाली. त्यानंतर १९८६ चा पर्यावरण (संरक्षण) कायदा आला आणि १९८९ मध्ये घातक कचऱ्याचे पहिले नियम झाले. ते २००८ मध्ये बदलले. सध्या २०१६ चे नियम लागू आहेत. भोपाळच्या त्या कारखान्यात पडून असलेला सुमारे ३३७ टन कचरा मात्र जानेवारी २०२५ मध्ये पिथमपूरला हलवला गेला. म्हणजे तब्बल चाळीस वर्षांनी!

नियम काय सांगतात?
१. आधी कचरा होऊच देऊ नका, मग कमी करा, पुन्हा वापरा, पुनर्चक्रण करा. विल्हेवाट सगळ्यात शेवटी.
२. कारखान्यानं कचरा साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त साठवू नये.
३. कचऱ्याच्या गाडीसोबत सात रंगांच्या सात प्रतींचं पत्रक असतं. पाठवणारा, वाहतूकदार, घेणारा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ, सगळ्यांकडे नोंद राहते.
४. कचऱ्यामुळे नुकसान झालं तर जबाबदारी पाठवणारा आणि केंद्र चालवणारा यांच्यावर येते.

साखळी कुठं तुटते?
रिकामा ड्रम परवानाधारकाकडेच जायला हवा. तो भंगारात विकला गेला की पत्रक संपतं, नोंद संपते. मग तोच ड्रम स्वस्तात मिळतो म्हणून उन्हाळ्यात पाणी भरायला घरी येतो. कुणी धान्य भरतं, कुणी लग्नात पाणी ठेवतं. वास गेला म्हणजे विष गेलं, असं होत नाही. काही रसायनं प्लास्टिकमध्येच मुरतात, साबणानं निघत नाहीत. आणि असा ड्रम धाम नदीवर नेऊन धुतला, तर घरचा धोका नदीत जातो.

वर्गासाठी उपक्रम
मुलांनी घरातल्या ड्रमची नोंद करावी : कुठून आणला, त्यावर कवटी किंवा ज्वाळेचं चिन्ह आहे का, त्यात काय भरतो. फक्त पाहायचं, हुंगायचं नाही, हात लावायचा नाही. आधी त्यात काय होतं हे सांगता येत नसेल, तर तो ड्रम पिण्याच्या पाण्याला आणि धान्याला वापरू नये. पालकांनी खाद्यपदार्थांसाठी बनवलेली टाकीच घ्यावी. ड्रम जाळूही नये.

धोरण मुंबई-दिल्लीत ठरतं, पण ते पाळलं जातंय की नाही हे आपल्या न्हाणीघरातला ड्रम सांगतो. मुलांना पाठ करायला लावण्यापेक्षा एवढं बघायला शिकवू या.