एक चमचा पाक, मग थांबायचं

परवा भाचीचा फोन आला. धाकट्याची पहिली संक्रांत आहे, बोरन्हाण करायचंय. म्हणाली, "मावशी, हलव्याचे दागिने यंदा विकत नाही आणायचे. घरी करायचे, सगळ्यांनी मिळून. केकसुद्धा आम्हीच सजवणार. मोठीला हाताशी घेते. कुठून सुरुवात करू?" फोनवर सांगितलेलं निम्मं विसरतं, म्हणून तिला लिहून पाठवलं. ज्यांच्या घरी असा बेत आहे त्यांच्याही कामाला येईल.

पोरी, आधी हलवा. तो जमला की बाकीचं जमतं.

हलव्याला घाई चालत नाही आणि ओल चालत नाही. लग्न होऊन मी साताऱ्याहून मुंबईला आले तेव्हा पहिल्या वर्षी तीन दिवस परात हलवत बसले, दाणे गुळगुळीतच. माहेरी तर भराभर काटा यायचा. सासूबाईंनी बघितलं आणि विचारलं, "तू हे किती वाजता करतेस?" मी संध्याकाळी करत होते. शेजारच्या शेगडीवर भात शिजतोय, चहा उकळतोय, सगळं स्वयंपाकघर वाफेनं भरलेलं. साखर ती वाफ ओढून घेते, मग काटा फुलणार कुठून? दुसऱ्या दिवसापासून पहाटे पाचला, कुकर लागायच्या आत, परात घेतली. पौषातली ती कोरडी गार हवा हलव्याला हवी असते. तुमच्याकडेही समुद्र जवळ आहे, तेव्हा पहाटच धर.

दोन वाट्या साखरेला एक वाटी पाणी. उकळी आली की चमचाभर दूध घाल, मळी वर येईल, ती काढून टाक. पाक जेमतेम एकतारी झाला की स्वच्छ फडक्यातून गाळून घे. पाकात मळी राहिली तर हलवा पिवळट दिसतो. पांढराशुभ्र हलवा काळ्या कापडावर उठून दिसतो, पिवळट दिसत नाही.

जाड बुडाची परात घे. ती थेट गॅसवर ठेवू नको, खाली तवा ठेव आणि आच अगदी मंद. परातीला हात लावला तर ऊब लागावी, चटका बसू नये. परातीत मूठभर दाणे. साबुदाणा लवकर मोठा होतो, मोत्यांसारखे मणी त्याचेच करायचे. तिळाचा बारीक हलवा काठाला भरायला. लांबट मण्यांसाठी कलिंगडाच्या बिया. सगळं एकत्र घालू नको, प्रत्येकाचा वेग वेगळा असतो. दाण्यांवर एक चमचा पाक टाकायचा आणि बोटांनी गोल गोल फिरवत राहायचं. दाणे सुटे, कोरडे, खडखडीत झाले की दुसरा चमचा. आधी नाही. दोन चमचे एकदम टाकले की दाणे एकमेकांना चिकटतात आणि आलेला काटाही विरघळतो. रोज तास-दीड तास. उरलेला वेळ दाणे कोरड्या डब्यात, झाकण घट्ट लावून. पहिल्या दिवशी काही दिसणार नाही. दुसऱ्या दिवशी दाणा खरखरीत लागेल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी डबा उघडशील तेव्हा काटे दिसतील. ते पाहताना जो आनंद होतो तो विकतच्या पाकिटातून मिळत नाही, हे मी पन्नास संक्रांतींनंतर सांगते आहे.

गरम पाकाजवळ मोठीला अजिबात येऊ देऊ नको. उकळत्या पाण्यापेक्षा पाकाचा चटका वाईट, कारण तो कातडीला चिकटून बसतो. पाक थंड झाल्यावर, गॅस बंद केल्यावर तिचं काम सुरू. दाणे आकारानं निवडायचे: मोठे हाराला, मध्यम मुकुटाला, बारीक बासरीला. निवडायचं काम सात वर्षांच्या मुलीला मोठ्यांपेक्षा चांगलं जमतं.

आता दागिने. हलव्याला सुईनं भोक पाडू नको, तो फुटतो. दोऱ्याचा सैल फास करायचा, त्यात दाणा ठेवायचा, फास हळूहळू ओढायचा. काट्यांच्या मधे दोरा आपसूक बसतो. असे दाणे ओळीनं बांधत गेलं की सर तयार. मुकुटाला बाळाच्या डोक्याचं माप दोऱ्यानं घे, पुठ्ठा कापायचं काम तुझ्या सासऱ्यांना दे, त्यांचा हात स्थिर आहे. पुठ्ठ्यावर काळं कापड ताणून शिवायचं, आणि आतल्या बाजूला मऊ सुती अस्तर. हलवा अंगाला लागता कामा नये, घामानं चिकट होतो. मागे नाडी ठेव, रबर नको. बाजूबंद, कंबरपट्टा याच रीतीनं. बासरीला पोकळ काडी आणि सोनेरी कागद. डिंकापेक्षा दोरा बरा, कारण बाळ सगळं तोंडात घालणार. शिवायला घेतलेल्या सुया मोजून ठेव आणि उठताना परत मोज.

एक गोष्ट मन घट्ट करून सांगते. माझी लेक सहा वर्षांची असताना तिनं भाच्यासाठी हार ओवला. दाणे वरखाली, मधेच दोन मोठे, मधेच गाठ. ती झोपल्यावर मी तो उसवला आणि नीट ओवला. सकाळी तिनं हार बघितला, काही बोलली नाही. पुढच्या वर्षी दागिने करायला बसलो तेव्हा ती आलीच नाही. "आई, तूच कर, तुझं छान होतं," म्हणाली. त्या वाक्यानं मला जे शिकवलं ते तुला आयतं देते: मोठीनं ओवलेला सर जसा असेल तसा बाळाच्या गळ्यात घालायचा. फोटोत वेडावाकडा दिसला तरी चालेल. दोरा कच्चा वाटला तर तिच्यासमोर, तिला विचारून, मागून एक टाका घाल.

केकचं थोडक्यात. केक आदल्या दिवशी भाजून पूर्ण गार होऊ दे, कोमट केकवर लोणी घसरतं. शंभर ग्रॅम बिनमिठाच्या लोण्याला दोनशे ग्रॅम आयसिंग शुगर, दोन चमचे कोको, लागलं तर थोडं दूध. जानेवारीत हे छान घट्ट राहतं, मे महिन्यातल्या वाढदिवसाला याच्या वाटेला जाऊ नको. आधी अगदी पातळ थर लाव, त्यात केकचा चुरा अडकतो. अर्धा तास फ्रीजमध्ये, मग दुसरा जाड थर. फिरतं स्टँड आणायची गरज नाही. पातेलं पालथं घाल, त्यावर ताटात केक ठेव आणि ताट फिरव, सुरी एका जागी धर. फुलं काढायला दुधाची पिशवी धुऊन, पुसून, कोपरा कापून वापर. सराव उकडलेल्या बटाट्याच्या मऊ लगद्यावर कर, नंतर त्याचे पॅटिस होतात. मोठीला गुलाबी हवं असेल तर थोडं लोणी कोकोशिवाय वेगळं ठेव आणि त्यात आटवलेला बिटाचा रस घाल.

त्या गडद कोकोवर तुमचा पांढरा हलवा मांडायचा. काळ्या चंद्रकळेवरच्या ठिपक्यांसारखा दिसतो. पण तो केक कापायच्या पाच मिनिटं आधी. आधीपासून ठेवलास तर लोण्यातल्या ओलीनं चार पहाटांचे काटे जातील. ते पाच मिनिटांचं काम मोठीचं, तू हात लावायचा नाहीस.

बोरन्हाणात बाळाच्या डोक्यावरून बोरं, शेंगदाणे, हलवा ओतण्यापेक्षा चुरमुरे जास्त ठेव. बाकीचं बाजूला बसलेल्या मोठ्या मुलांच्या ओंजळीत द्यायचं. कडक दाणा लहान बाळाच्या घशात अडकतो. समारंभ संपला की दागिने लगेच उतरव. दोन लवंगा घालून घट्ट डब्यात ठेव आणि डबा पाण्याच्या ताटात, मुंग्यांना वास लवकर लागतो.

संक्रांतीला अजून बारा दिवस आहेत. साबुदाण्याला तीन पहाटा, तिळाला चार, दागिन्यांना दोन रात्री, केकला एक दिवस. आज रात्री साबुदाणा चाळून, निवडून ठेव आणि पाचचा गजर लाव.