एकट्याचा दुष्काळ

"कुणापुढं कधी हात पसरला नाही," ही आमच्या चाकूरकडं माणसाची सगळ्यात मोठी तारीफ समजतात. मयताला आलेले लोकही हेच बोलतात. या तारिफेपायी आमच्या घरातला एक माणूस जाता जाता राहिला, म्हणून हे लिहायला बसले आहे.

माझं माहेर औसा तालुक्यात, किल्लारीच्या पट्ट्यात. 30 सप्टेंबर 1993 ला, अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून गावं झोपलेली असताना, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला. मातीत रचलेल्या रुंद दगडी भिंती आणि वर माळवदाची माती, सगळं झोपेतल्या माणसांवर आलं. दहा हजारांच्या आसपास जीव गेले. माझी आई वाचली. पुढं कितीतरी दिवस ती पत्र्याच्या शेडमध्ये राहिली, अनोळखी माणसांनी वाढलेलं जेवली, कुणीतरी पाठवलेलं लुगडं नेसली. तिला त्याची लाज वाटलेली मी कधी पाहिली नाही. शेजारी सगळ्यांचंच तसं होतं ना! 2001 च्या जानेवारीत कच्छला भूकंप झाला, तेव्हा लातूर-उस्मानाबादकडच्या बचत गटांतल्या बाया ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेबरोबर तिकडं गेल्या. आपण पुन्हा घर कसं उभं केलं, ते तिथल्या बायांना सांगून आल्या. घेतलेल्या मदतीनं त्या लहान झाल्या असत्या, तर एवढ्या लांब जाऊन ताठ मानेनं बोलल्या असत्या का?

2014 आणि 2015, लागोपाठ दोन वर्षं पावसानं दगा दिला. 2016 च्या 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. लोकांनी ते पाणी मानानं घेतलं. आमच्याकडं टँकरची रांग लागायची. माझे थोरले दीर, आमचे भावजी, त्या रांगेत म्हाताऱ्या बायांच्या घागरी भरून द्यायचे. त्यांच्याकडं बघून कुणाला काही शंकाही आली नसती.

त्याच उन्हाळ्यात हा माणूस आतून खचत होता. सोयाबीन हाती लागलं नव्हतं, नवा बोअर कोरडा गेला होता, लेकीचं लग्न होऊन वर्ष उलटलं होतं. परवाना नसलेल्या एका सावकाराकडून शेकडा पाचनं, म्हणजे महिन्याला शंभराला पाच रुपये व्याजानं, त्यांनी पैसे उचलले होते. तारण म्हणून एक एकराचं खरेदीखत लिहून दिलं होतं. "पैसे फिटले की परत फिरवून देतो," ही सगळी तोंडी बोली. सख्ख्या भावाला पत्ता नाही, बायकोला नाही.

जाऊबाईंना संशय आला तो वेगळ्याच गोष्टींवरून. भावजींनी किराणा दुकानाची बारीकसारीक उधारी अचानक मिटवली. सासरी गेलेल्या लेकीला न बोलावता भेटून आले. जुनं घड्याळ पुतण्याच्या हातात बांधलं. रात्रीचं जेवण सुटलं. "बाई, हे सगळं आवरायला लागलेत गं," असं म्हणत त्या माझ्याकडं आल्या. त्या रात्रीपासून आम्ही त्यांना एकटं सोडलं नाही. माझ्या मालकांनी सरळ विचारलं, "दादा, जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात आहे का?" बराच वेळ गेला, मग ते रडले आणि सगळं सांगितलं.

असं विचारल्यानं माणसाच्या डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही भीती खोटी आहे. विचारा. 14416 हा ‘टेली मानस’चा फुकट नंबर आहे, रात्रीबेरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. तो घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या.

कागदाचंही सांगते, कारण जमिनीची बाजू तिथंच फसते. कर्जाचं तारण म्हणून खरेदीखत लिहून देऊ नका. परत फिरवून देण्याची अट त्याच दस्तात नसेल, तर तोंडी बोलीच्या जोरावर ते गहाण होतं हे कोर्टात टिकवणं फार अवघड. तरीही लिहून दिलं असेल तर सगळं संपलं असं समजू नका. महाराष्ट्रात 2014 चा सावकारी नियमनाचा कायदा आहे. तालुक्याला सहकारी संस्थांच्या सहाय्यक निबंधकांकडं अर्ज देता येतो. बेकायदा सावकारीतून जमीन गेल्याचं चौकशीत निघालं तर जिल्हा निबंधक तो व्यवहार रद्द ठरवून जमीन परत देण्याचा आदेश काढू शकतात. आमच्या प्रकरणात हेलपाटे फार झाले, पण एकर परत नावावर आला. बँकेचं पीककर्ज थकणार असं दिसत असेल तर तोंड लपवून बसू नका. दुष्काळ जाहीर झालेल्या वर्षी त्याचं पुनर्गठन मागता येतं, आणि ते आधी, मुदतीत मागायचं असतं.

जमीन आली, पण भावजी आमच्याकडं जेवायला येईनात. एका लग्नाच्या पंगतीत नात्यातल्या वडीलधाऱ्यानं चारचौघांत म्हटलं होतं, "भाऊ उभा राहिला म्हणून तगलास." शब्द खरे होते, आणि त्यांनीच घात केला. मदत करणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे: दिलेल्याचा उच्चार करू नका, अगदी कौतुकानंसुद्धा. आभाराची वाट बघत बसलं की समोरचा माणूस आभार मानत नाही, तोंड चुकवायला लागतो. आमचा अबोला सुटला तो सोयाबीनच्या मळणीच्या वेळी. आमच्याकडं माणूस मिळेना, तेव्हा मालक त्यांच्या दारात गेले आणि म्हणाले, "दादा, तुमच्याशिवाय नड भागत नाही." नड खरीच होती. भावजी तसेच उठून आले.

आणि घेणाऱ्यांना सांगते. ज्या मुलखानं मिरजेचं पाणी घेतलं, भूकंपात परक्यांच्या हातचं अन्न घेतलं, त्या मुलखाला तुमच्या एकट्याच्या अडचणीचं ओझं होत नाही. पाऊस सगळ्या शिवारात पडला नाही, तसाच तो तुमच्या बांधावरही पडला नाही. त्यात तुमचा गुन्हा कोणता? पहिला हप्ता चुकेल तेव्हाच एका माणसाला सांगा. भावाला सांगवत नसेल तर मेव्हण्याला सांगा, मुलांच्या गुरुजींना सांगा. बायकोला तर सांगाच. बहुतेक वेळा तिला आधीच कळलेलं असतं.

आता निबंधक कार्यालयात कुणाला अर्ज द्यायचा असला, तर भावजी आपली फाईल घेऊन सोबत जातात, कोणता कागद कुठं लागतो ते दाखवतात. हे लिहू का म्हणून मी त्यांना विचारलं. त्यांनी सगळं वाचायला लावलं आणि म्हणाले, "लिही, पण नाव नको घालूस. आणि त्या कार्यालयात दुपारी जेवायच्या सुट्टीआधी जावं लागतं, तेवढं सांग."