पोटात पाणी नाही, मग बुडाला कसा?

प्रश्न : माझा चुलतभाऊ शेतातल्या विहिरीत पडून गेला. पोट दाबलं तर पाणी निघालं नाही, म्हणून गावात कुजबुज सुरू आहे. त्यात पोलिसांनी शवविच्छेदन करवलं. आमच्यावर संशय आहे का?
– एक वाचक, अमडापूर (जि. बुलढाणा)

उत्तर : नाही, भाऊ. अशा मृत्यूत मर्ग (आकस्मिक मृत्यूची नोंद) दाखल होतो, पंचनामा होतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ नुसार ही नेहमीचीच कार्यवाही आहे.

बुडून मृत्यू झाला की नाही, हे पोटातल्या पाण्यावरून ठरत नाही. माणूस जातो तो श्वास कोंडून. फुप्फुसात थोडं पाणी गेलं तरी पुरतं. डॉक्टर नाका-तोंडाशी आलेला बारीक पांढरा फेस, फुगलेली फुप्फुसं, मुठीत गच्च धरलेलं गवत पाहतात. कठड्यावर आपटल्याच्या जखमा जिवंतपणीच्या की नंतरच्या, हेही तपासतात. व्हिसेराचा (तपासणीसाठी राखलेल्या आतल्या अवयवांचा) अहवाल उशिरा आला तरी घाबरू नका.

बुडालेल्याचं पोट मात्र कधीच दाबू नका, उलटी होऊन श्वासनलिकेत जाते. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास द्या, छाती दाबा, १०८ला फोन करा.

भाऊ शेतकरी होता. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून वारसांना २ लाख रुपये मिळू शकतात. पंचनामा आणि शवविच्छेदन अहवालाच्या प्रती घेऊन चिखलीला तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांच्या आत अर्ज करा.