लंडन ते पॅरिस : विमान सव्वा तासाचं, प्रवास साडेपाच तासांचा

लंडन ते पॅरिस हवाई अंतर जेमतेम 345 किलोमीटर. तिकिटावर उड्डाणाचा वेळ दिसतो सव्वा तास. त्यावर विसंबून दिवस आखू नका. हीथ्रो गाठायला तासभर, विमानतळावर दोन तास आधी हजेरी, सव्वा तास विमान, पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर पासपोर्टची रांग आणि बॅगा मिळून पाऊण तास, तिथून आरईआर बी लोकलने शहरात अर्धा तास. झाले साडेपाच तास.

युरोस्टार रेल्वे लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकातून सुटते आणि साधारण दोन तास वीस मिनिटांत पॅरिसच्या गार द्यू नोरला, म्हणजे भर शहरात उतरवते. दीड तास आधी पोचा. फ्रान्सची पासपोर्ट तपासणी सेंट पँक्रासलाच होते, त्यामुळे पॅरिसला उतरलात की थेट बाहेर. पॅरिसचं घड्याळ लंडनच्या एक तास पुढे असतं. पुढची गाडी किंवा जेवणाचं बुकिंग करताना हा तास हमखास विसरला जातो.

आता पैसे. स्वस्त विमानाचं भाडं पाहून लगेच बटण दाबू नका, आधी त्यात बॅगेचे पैसे मिळवा. ईझीजेटच्या साध्या तिकिटावर सीटखाली मावेल अशी 45 × 36 × 20 सेंटिमीटरची एकच बॅग फुकट. मोठी बॅग न्यायची तर तिकीट काढतानाच नोंदवा, गेटवर फार महाग पडते. युरोस्टारच्या साध्या डब्यात 85 सेंटिमीटरपर्यंतच्या दोन बॅगा आणि एक हातपिशवी भाड्यातच येते. कुटुंबासोबत, सामानासकट जाणार असाल तर मी रेल्वेच घ्या म्हणेन. फक्त तिकीट लवकर काढा, आयत्या वेळी ते विमानाच्याही वर जातं.

विमानतळाला जाण्यायेण्याचं भाडं वेगळं. 2025च्या दरांनी हीथ्रो एक्सप्रेसला ऐनवेळी 25 पौंड लागतात, पिकॅडिली ट्यूबला सुमारे 6. शार्ल द गोल ते पॅरिस लोकलचं तिकीट 2025 मध्ये 13 युरो होतं. मेट्रोचं साधं तिकीट इथे चालत नाही, पकडलात तर दंड. टॅक्सीचे दर ठरलेले आहेत : सीन नदीच्या उजव्या तीरावर 56 युरो, डाव्या तीरावर 65. बाहेर ‘टॅक्सी, टॅक्सी’ म्हणत जवळ येणाऱ्याच्या मागे जाऊ नका, रांगेतलीच टॅक्सी घ्या.

सगळ्यात मोठा फटका व्हिसाचा. फ्रान्सला लागणाऱ्या शेंगेन व्हिशावर ब्रिटनला जाता येत नाही, ब्रिटनच्या व्हिशावर पॅरिसला जाता येत नाही. भारतीय पासपोर्टवर दोन्ही वेगवेगळे काढावे लागतात. शेंगेनचे प्रौढांना 90 युरो, 6 ते 11 वर्षांच्या मुलांना 45, वर केंद्राचं सेवाशुल्क. पॅरिसला उतरून, मध्ये लंडन करून, पुन्हा पॅरिसहून मुंबईचं विमान पकडणार असाल तर अर्जातच एकाहून अधिक प्रवेश मागा आणि हातात आल्यावर व्हिशावरचा आकडा बघा. तिथे 1 असेल तर लंडनहून परत पॅरिसला जाता येणार नाही. पासपोर्ट एकच, अर्ज दोन, म्हणून निदान तीन महिने आधी सुरुवात करा. शेंगेनसाठी किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा हवाच.

लंडनच्या नातेवाइकांनी दिलेले पेढे, तूप तिथेच ठेवा. बाहेरून युरोपीय संघात येणाऱ्या प्रवाशांना मांसाचे आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे.