होस्ट कोण, डिव्हाइस कोण?

यूएसबीच्या वायरची दोन टोकं सारखी नसतात. एक टोक होस्ट, दुसरं डिव्हाइस. बोलणं सुरू करायचा अधिकार होस्टचा, आणि ५ व्होल्टही साधारणपणे तोच पुरवतो. पीसीला पेन ड्राइव्ह लावताना हे आपल्याला जाणवत नाही. पण फोनमधल्या किंवा एम्बेडेड बोर्डवरच्या कंट्रोलरला बऱ्याचदा दोन्ही भूमिका जमतात. मग कोणती करायची हे ठरवतं कोण? या प्रश्नाने आमच्या प्रोजेक्टच्या दोन रात्री खाल्ल्या, म्हणून हा लेखप्रपंच.

आमच्या बोर्डवर सिनॉप्सिसचा डीडब्ल्यूसी-३ कंट्रोलर आणि लिनक्स. सेन्सरच्या नोंदी पेन ड्राइव्हवर घ्यायच्या होत्या. मी डिव्हाइस ट्रीमध्ये डीआर-मोडपुढे 'होस्ट' लिहिलं आणि बोर्ड रिबूट केला. पण पेन ड्राइव्हचा दिवासुद्धा लागेना! मल्टिमीटरवर ५ व्होल्टचा पत्ता नाही. म्हणजे वायरिंगच चुकलं, असं मी ठरवून टाकलं. पार्टनरने बिचाऱ्याने कनेक्टर दोनदा काढून पुन्हा सोल्डर केला, वर माझं बोलणंही खाल्लं.

तिसऱ्या दिवशी कर्नलचा लॉग नीट वाचला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: कॉन्फिगरेशन जुळत नाही, डीआर-मोड जबरदस्तीने पेरिफेरल केला आहे. कर्नल आम्ही मागच्या बॅचकडून जसाच्या तसा उचलला होता. त्यांना बोर्ड पीसीला सिरियल पोर्टसारखा दाखवायचा होता, म्हणून त्यांनी मेन्यूकॉन्फिगमध्ये 'फक्त गॅजेट' निवडून तो बिल्ड केला होता. होस्टचं काम त्या ड्रायव्हरमध्ये कंपाइलच झालेलं नव्हतं. मेसच्या फळ्यावर मी पोहे लिहिले, पण आत भिजवलेच नव्हते. ताटात उपमाच येणार!

या ड्रायव्हरमध्ये निर्णयाच्या पायऱ्या अशा आहेत:

१. सिलिकॉन: चिप एकाच भूमिकेसाठी बनलेली असेल तर विषय संपला. चिप फक्त होस्टची आणि कर्नल फक्त गॅजेटचा असेल, तर ड्रायव्हर सुरूच होत नाही.

२. बिल्ड: फक्त होस्ट, फक्त गॅजेट किंवा ड्युअल रोल. पहिल्या दोन्हींत नको असलेला कोड वगळला जातो, कर्नल लहान राहतो. एकच काम करणाऱ्या प्रॉडक्टला हे योग्यच. ड्युअल रोलसाठी कर्नलमध्ये यूएसबी होस्ट आणि गॅजेट दोन्ही चालू लागतात. नाहीतर तो पर्याय मेन्यूत दिसतच नाही.

३. बूट: ड्युअल रोल बिल्ड असेल तरच डिव्हाइस ट्रीतल्या 'होस्ट', 'पेरिफेरल' किंवा 'ओटीजी' यांतली निवड खरी मोकळी.

४. चालू असताना: 'ओटीजी' असेल तर केबलच्या आयडी पिनवरून किंवा टाइप-सी जोडणीवरून भूमिका बदलू शकते. आयडी पिन ग्राउंड असेल तर होस्ट.

प्रत्येक पायरी वरच्या पायरीने जेवढं शिल्लक ठेवलं, तेवढ्यातूनच निवडते. मी तिसऱ्या पायरीवर हट्ट करत होतो, निर्णय मात्र दुसऱ्या पायरीवर कधीच होऊन गेला होता.

ड्युअल रोल निवडून कर्नल पुन्हा बिल्ड केला. डिव्हाइस ट्रीला हातही लावला नाही, आणि दिवा लागला. पार्टनरला सॉरी म्हटलं, त्याने कँटीनच्या दोन चहांवर मिटवलं. मित्रांनो, पुढच्या वेळी आधी लॉग वाचा, मग सोल्डरिंग आयर्न तापवा. आणि बोलायचंच असेल तर सगळ्यात शेवटी!